मारिनामायची सुट्टी

या उन्हाळ्यात काहीही ठरवायचं नाही, असं आर्गिरोनं ठरवून टाकलं होतं. आणि हे काही न ठरवणं ती ईस्टरच्या सणापासून मोठ्या नेटानं जमवत होती.

पिरेअस बंदराच्या मागच्या अंगाला, निकेआत, तिसऱ्या मजल्यावर तिचं घर. नवरा अपोस्तोलिस लिफ्टा दुरुस्त करायचा. ती एका कस्टम दलालाच्या कचेरीत बसायची. थोरला यांगोस चार वर्षांचा, धाकटी मारिना दीड वर्षाची. नवऱ्याचं गाव सिफ्नोस बेटावर, उंचावरचं एक्साम्बेला. दर उन्हाळ्यात ते तिथं सासूबाईंच्या घरी उतरायचे, आणि उतरल्या पावली सुरू व्हायचं ते: या मावशीकडे गेलं नाही तर ती रुसते, त्या काकांचं वर्षश्राद्ध आहे, पोराला उन्हातही कॉलरचा सदरा घाल, लोक काय म्हणतील. पोरं झोपायला टेकली की दारात कुणीतरी हाक मारायचं, "आले का गं पिरेअसवाले?" बेटावरून परतताना आर्गिरोला वाटायचं, आता या सुट्टीचा शीण घालवायला एक वेगळी सुट्टी घ्यावी.

यंदा तिनं वाथीच्या खाडीत खोली घेतली. एका कुंभाराच्या घराचा तळमजला. उंबऱ्यापासूनच वाळू सुरू होते, दारात झाऊचं एक वाकडं झाड, आणि पाणी असं उथळ की यांगोस पुढं पुढं चालत राहिला तरी ते त्याच्या गुडघ्याला धरून बसेल. समोर रस्ता नाही. गाडी नाही. नातेवाईक नाहीत.

"फक्त खोली, वाळू आणि झोप," तिनं अपोस्तोलिसला बजावलं. "दुपारी पोरं झोपतील. मीही झोपेन. कुणी उठवायला आलं तर पाण्यात ढकलेन."

"आई आली तर?"

"तिला पोहता येत नाही. नीट ढकलेन."

तो हसला, पण तिला हसू आलं नाही. मारिना सातव्या महिन्यातच जन्मली होती. हिवाळाभर ती काचेच्या पेटीत होती, ओंजळीएवढी, अंगभर नळ्या, आणि उशाशी यंत्राची टिकटिक. टिकटिक चुकली की आर्गिरोचं काळीज चुकायचं. पोर घरी आली तरी तिची छाती वाजायची. तिच्या श्वासाला कान लावून आर्गिरो बसल्या बसल्या रात्री काढायची. डोळे मिटायची, पण ती झोप नसायची. तो मिटल्या डोळ्यांचा पहारा होता. डॉक्टर आता म्हणत होते, पोर ठणठणीत आहे. पोरीला ते पटलं होतं. आईच्या अंगाला अजून पटलेलं नव्हतं. ते पटायला तिला थोड्या दुपारी हव्या होत्या, एकीला एक लागून, कुणी न मोडलेल्या.

एप्रिलातल्या एका संध्याकाळी ती बाल्कनीत कपडे वाळत घालत असताना अपोस्तोलिसचा फोन वाजला. सासूबाई, मोस्खा. समुद्र ओलांडून आवाज पोचवायचा तर ओरडायलाच हवं, अशी त्यांची समजूत असल्यामुळं फोन कानाला लावायची गरज नसायची.

"अपोस्तोलिस! बाळा! माय घरी आली!"

"कोण माय?"

"कोण माय म्हणतोय मेला! मारिनामाय! बैठकीत बसवलीय, दिवा लावलाय. म्हाताऱ्या झान्निसचा भाऊ गेला ना, सुतकाच्या घरात कसला उत्सव? त्याच्या पुढचा होता तो गेला मेलबर्नला लेकीकडं. मग नंबर कुणाचा? आपला! मी लगेच हो म्हटलं!"

बेटावर टेकडी-टेकडीला एक पांढरं देऊळ, आणि प्रत्येक देवळाचा एक उत्सव. संताची तसबीर वर्षभर मानकऱ्याच्या घरी राहते. तिच्यापुढचा दिवा विझू द्यायचा नाही. उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी मानकऱ्यानं ती वाजतगाजत देवळात न्यायची, आणि येईल त्याला जेवू घालायचं, ओळखीचा असो वा वाट चुकलेला. मातीच्या भांड्यात भाजलेले हरभरे, बकऱ्याचं मटण, पिंपभर वाइन. या मानासाठी लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. संत मारिना म्हणजे लेकुरवाळ्यांची माय. तिचा उत्सव जुलैच्या मध्यावर, म्हणजे नेमका आर्गिरोच्या सुट्टीच्या पोटात.

आर्गिरोनं एका सदऱ्याला चिमटा लावला. मग दुसरा लावला. मग त्याच सदऱ्याला तिसरा.

फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, "नंबर कुणी लावला होता?"

अपोस्तोलिसचे कान लाल झाले. "पोर पेटीत होती तेव्हा. पाद्रीबाबांना फोन केला होता. पुढं इतकी नावं होती गं! मला वाटलं, पोर शाळेत जायला लागेल तोवर येईल नंबर."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पेटीपाशी बसलेली असायचीस. हाक मारली तरी तुला ऐकू यायचं नाही." तो कठड्याकडं बघत राहिला. "मला दुसरं काही करता येत नव्हतं, आर्गिरो. लिफ्ट अडकली तर मी काढतो. तिथं मला काही काढता येत नव्हतं."

खालच्या गल्लीत कुणीतरी टोमॅटोच्या पेट्या उतरवत होतं. तिला आठवलं, त्याच दिवसांत सासूबाईंनीही फोन केला होता. रिवाजाप्रमाणं पहिल्या नातीला आजीचं नाव, मोस्खा. आयुष्यभर त्या नावाची वाट बघितलेली बाई त्या दिवशी फोनवर, पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाली होती, "माझं नाव राहू दे पोरी. तिला मारिना म्हण. माय आपल्या नावाचं लेकरू सोडायची नाही." अशा बाईला आर्गिरो कोणत्या तोंडानं म्हणणार होती की मला तुमचा उत्सव नको?

तिनं तसं म्हटलंच नाही. शेवटचा मोजा दोरीवर टाकला आणि म्हणाली, "उत्सव होईल. पण माझी सुट्टी एका वाळूच्या कणानंही हलणार नाही."

"दोन्ही कसं होईल?"

"जो नवस बोलला त्यानं देवळाला चुना लावायचा. कांदे पण त्यानंच सोलायचे. मायनं माझ्याकडं हरभरे मागितलेले नाहीत."

दुसऱ्या दिवशी मोस्खाबाईंनी सगळा बेत आखून पाठवला, अर्थातच ओरडून. सुनेनं आठवडाभर आधी यायचं. देवळाची झाडलोट, ताटं धुणं, हरभरे निवडणं. पोरं चुलतआत्याकडं ठेवायची. वाथीची खोली? ती रद्द करून टाकायची. माय ज्या घरात, त्या घरची सून समुद्रावर लोळत पडली तर गाव तोंडात शेण घालेल.

आर्गिरोनं सगळं ऐकून घेतलं. मग मऊ आवाजात विचारलं, "आई, मानकरी कोण?"

"कोण म्हणजे? अपोस्तोलिस!"

"आणि माय राहते कुणाच्या घरी?"

"मानकऱ्याच्या."

"मग मानकरी त्या दिवसांत झोपणार कुठं? वाथीला, माझ्या खोलीत. म्हणजे मायनंही तिथंच यायला हवं."

"भाड्याच्या खोलीत?" मोस्खाबाईंना शेवटी आवाज सापडला. "पोहायच्या चड्ड्या वाळत घातलेल्या खोलीत? माय?"

"चड्ड्या मी मागच्या दोरीवर घालेन."

"अगं, तिच्या अंगावर चांदी आहे!"

"वाळू लागली तर मी स्वतः पुसेन, आई. वर्षभर ती लोकांची गाऱ्हाणी ऐकते. तिलाही चार दिवस समुद्र बघू दे."

मोस्खाबाई तरातरा पाद्रीबाबांकडं गेल्या, सुनेला चांगली समज मिळावी म्हणून. पण संत मारिनाच्या देवळाची टेकडी उभी होती ती नेमकी वाथीच्या डोक्यावर. एक्साम्बेलाहून तिथं पोचायला सगळी दरी उतरून पुन्हा चढावं लागायचं, आणि पाद्रीबाबांचे गुडघे आता संतांनाही जुमानत नव्हते. त्यांनी दाढी कुरवाळली, आपल्या गुडघ्यांकडं बघितलं, खिडकीतून टेकडीकडं बघितलं, आणि म्हणाले, "मानकऱ्याचा दिवा जळतो ते मायचं घर. शास्त्राला धरून आहे." बाहेर अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यांनी, ज्यांना दरवर्षी ती दरी उतरायला लागायची, एकाच वेळी छातीवर क्रूस काढला.

मे महिना अपोस्तोलिसनं टेकडीवर काढला. शुक्रवारी कामावरून सुटला की जहाज धरायचा, रविवारी परतायचा, भुवयांत चुना, नखांत चुना. गावातल्या बायका त्याला हाका मारायच्या, "काय रे, बायकोनं कामाला लावलं वाटतं?" तो वरून ओरडायचा, "मायनं लावलं, माय!" एकदा तो घरी आला तेव्हा यांगोसनं त्याच्याकडं निरखून बघून विचारलं, "बाबा, तू म्हातारा होऊन आलास का?" आर्गिरो इतकी हसली की मारिनाही टाळ्या वाजवायला लागली. किती दिवसांनी आपण असं हसलो, हे तिला हसून झाल्यावर कळलं.

जुलैत ते वाथीला उतरले. मोस्खाबाई स्वतः तसबीर घेऊन आल्या. लग्नातल्या भरतकामाच्या चादरीत गुंडाळलेली, मांडीवर लेकरू धरावं तशी टॅक्सीत धरलेली. खोलीत ठेवायला फ्रिजवरच काय ती जागा होती. ओठ घट्ट मिटून त्यांनी फ्रिज पुसला, चादर अंथरली, माय बसवली, दिवा लावला. बाजूचा पोहायचा चष्मा त्यांनी दोन बोटांनी उचलला आणि सुनेच्या हातात ठेवला. परत जाताना दारात थांबून म्हणाल्या, "फ्रिज गुरगुरतोय. तिला झोप लागणार नाही."

"समुद्रही गुरगुरतो, आई. सवय होईल."

पहिले दोन दिवस सुट्टीला बरी सुरुवात झाली, आणि तिसऱ्या दिवशी सगळं बेट दर्शनाला लोटलं. पाया पडायला आलेल्या बायका उंच टाचांच्या चपला हातात घेऊन वाळू तुडवत यायच्या, गालगुच्चे घ्यायच्या, बशीत बदामाचे लाडू ठेवायच्या. कुणी कांद्यांचं पोतं आणून टाकलं. कुणी झाऊच्या फांदीला कोंबडा बांधून गेलं, यांगोसनं त्याचं नाव लगेच कप्तान ठेवलं. सकाळ-संध्याकाळ आर्गिरोनं सगळ्यांचं हसून स्वागत केलं, थंड पाणी दिलं. पण दुपारी जेवणं झाली की ती दार ओढून घ्यायची, पडदा सोडायची, आणि कुणी वाजवलं तर फटीतून म्हणायची, "माय झोपली आहे."

"माय?"

"माय. पाच वाजता उठेल."

बेटभर कुजबुज झाली. एक्साम्बेलाच्या दुकानात कुणीतरी मोस्खाबाईंना विचारलंच, "मारिनामाय हल्ली दुपारची घोरते म्हणे?" त्या घरी आल्या आणि रागानं हरभरे निवडत राहिल्या.

पण खरं सांगायचं तर दार बंद करूनही आर्गिरोला झोप लागली नव्हती. पोरं झोपायची, आणि ती बाहेरच्या पावलांवर कान ठेवून पडून राहायची. वाळूवर आवाज झाला की उठायची, कुणी दार वाजवून पोर दचकवायच्या आधी आपण गाठावं म्हणून. पहारा फक्त पेटीपासून दारापाशी आला होता.

उत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी वाथीत धुराचा वास भरला होता. टेकडीखाली पुरुषांनी कढया चढवल्या होत्या, कुंभाराच्या भट्टीत हरभऱ्यांची मडकी रात्रीपासून होती. पोरं जेवून नुकतीच आडवी झाली होती. आणि वाळूवरून मोस्खाबाई आल्या. ठेवणीतला काळा पोशाख, काळे बूट, ऊन असं की काळ्याचंही पांढरं व्हावं.

आर्गिरो उंबऱ्यावर बसली होती. ती उठली नाही.

"पोरांना उठव," मोस्खाबाई म्हणाल्या. "कपडे घाल. जहाजानं लोक लवकर आलेत, पाद्रीबाबा म्हणतात लवकरच निघू. मायला न्यायचं तर पोर पुढं हवी. तिच्यासाठीच नवस आहे."

"ठरलं होतं ऊन उतरल्यावर."

"ठरलं होतं! तुझ्या झोपेपायी सगळं गाव उन्हात उभं करणार आहेस? चार दिवस बघतेय. मायच्या नावावर दार लावून बसतेस, लाज नाही वाटत?"

"वाटते," आर्गिरो म्हणाली. "पण उठवणार नाही."

"अगं, तिला काय धाड भरलीय आता! धडधाकट पोर आहे!"

"हो ना, आई. तुम्ही तिला अशी झोपलेली कधी बघितलीय?"

त्या हिवाळ्यात मोस्खाबाई एकदाच जहाजानं आल्या होत्या, आणि काचेपलीकडून त्यांनी बघितल्या होत्या त्या नुसत्या नळ्या. नंतर पोर त्यांच्याकडं आली ती दर वेळी खोकत, नाहीतर पाहुण्यांच्या गर्दीत या मांडीवरून त्या मांडीवर जात.

"बघून या," आर्गिरो म्हणाली. "मग तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणालात तर उठवते."

मोस्खाबाईंनी बूट काढले. वाळू झटकली. पडदा सारून आत गेल्या.

आर्गिरो बाहेर वाट बघत बसली. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग फ्रिजची गुरगुर थांबली, आणि त्या शांततेत एक फार हळू, फार जुना सूर. ओरडून बोलणाऱ्या बाईचा हा आवाज आहे हे समजायला तिला क्षणभर वेळ लागला.

*निजू दे गं माझी बाय, दर्याच्या गं अंथरुणी,*
*वाऱ्याला मी बजावलं, पाय वाजवू नको कुणी.*
*निजू दे गं माझी बाय, श्वास येई श्वास जाई,*
*एवढंच गं मागितलं, दुजं काही नाही नाही.*

बऱ्याच वेळानं मोस्खाबाई बाहेर आल्या. डोळे पुसलेले होते, पण सुनेनं बघितलं हे त्यांना चालणार नव्हतं म्हणून त्या समुद्राकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"तोंड उघडं ठेवून झोपते," त्या म्हणाल्या. "तिचा बाप पण असाच झोपायचा." मग, "खुर्ची आहे का?"

आर्गिरोनं वेताची खुर्ची आणून झाऊच्या सावलीत ठेवली. मोस्खाबाईंनी ती उचलली आणि नेमकी दाराच्या चौकटीत, आडवी लावली. वर ऐसपैस बसल्या, अनवाणी पाय वाळूत रोवून.

"तू जा, झोप."

आर्गिरो आत गेली, पोरांच्या शेजारी पडली. मारिनाचा श्वास येत होता, जात होता. डोळे मिटेनात. अंगात अजून कुणीतरी जागं होतं. ती उठली, पोहायचा पोशाख घातला आणि बाहेर आली.

"जेवलीस ना आत्ताच?" मोस्खाबाई दचकल्या. "भरल्या पोटी पाण्यात? मरायचंय का?"

"गुडघ्याएवढंच तर पाणी आहे."

"लोक गुडघ्याएवढ्यातही मरतात." त्यांनी सुनेकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर नजर थांबली, आणि त्यांनी खुर्ची थोडी बाजूला घेतली. "जा. पण मी हाक मारली तर ओ द्यायची."

पाणी पायाला लागलं तेव्हा उबदार होतं, पुढं थोडं गार, त्याहून पुढं पुन्हा उबदार. कमरेएवढ्या पाण्यात आर्गिरो उताणी झाली. कान पाण्याखाली गेले आणि जग एकदम मिटलं. वर नुसतं निळं. आपल्याच छातीतला ठोका तिला ऐकू येऊ लागला, सावकाश, न चुकता.

मान जरा वळवली तर किनारा दिसत होता. पाद्रीबाबा झगा वर धरून वाळूतून येत होते, मागं कुणीतरी झेंडा घेतलेलं. मोस्खाबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. पाद्रीबाबांनी घड्याळ दाखवलं. मोस्खाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पाद्रीबाबांनी टेकडीकडं हात केला. मोस्खाबाईंनी चौकटीला दोन्ही हात लावले. मग अपोस्तोलिस धावत आला, काजळीनं माखलेला, बहुधा झारे कुठं ठेवलेत ते विचारायला. त्याच्या आईनं त्याचा कान धरून त्याला आल्या वाटेनं वळवलं.

आर्गिरोला वाटलं, जावं. पाद्रीबाबांची समजूत घालावी, सासूबाईंच्या वतीनं दोन गोड शब्द बोलावेत, झारे शोधून द्यावेत. पाय तळाला टेकायलाही लागले होते. वाळू मऊ होती. तिनं पाय पुन्हा उचलले.

किनाऱ्यावर मोस्खाबाईंनी तिच्याकडं बघून हात हलवला. हाक मात्र मारली नाही. पाद्रीबाबा एकदा पडद्याआडून आत डोकावले, मग झाऊच्या सावलीत कोंबड्याशेजारी दगडावर बसले आणि टोपी काढून वारा घेऊ लागले. आर्गिरोनं डोळे मिटले. लाट यायची, तिला जराशी उचलायची, आणि पुन्हा होती तिथंच ठेवायची.